गाडीचा हप्ता आणि सातवीचं सरळव्याज



२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. चार मीटरपेक्षा कमी लांबीची आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आता या दरात येते. तेव्हापासून मधल्या सुट्टीत डबे उघडले की गाडीचा विषय निघतोच. कोणी बुकिंग केलेलं असतं, कोणी शोरूमला जाऊन आलेलं असतं. आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला जातो, "हप्ता किती बसतो?"

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न अपुरा आहे. आयुष्यातली पहिली गाडी कर्जावर घेताना विचारायचा प्रश्न आहे, "सगळे मिळून किती रुपये जाणार?" त्याचं उत्तर काढायला लागणारं गणित आपण सहावी-सातवीच्या मुलांना शिकवतो. मुद्दल, दर, काळ. फळ्यावर शिकवलेलं हे सूत्र शोरूमच्या टेबलावर मात्र आपण वापरत नाही.

आधीच सांगते, "गाडी घेऊ नका" असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. रोज पंचवीस-तीस किलोमीटर दुचाकीवर, पावसाळ्यात रेनकोट घालून, पुढे-मागे लेकरू बसवून शाळेत जाणारे आपल्यापैकी कितीतरी जण आहेत. घरात म्हातारी माणसं आहेत, दवाखाना तालुक्याला आहे. अशा घराला गाडीची गरज असते, त्याला चैन म्हणू नये. पण गरजेची वस्तूसुद्धा हिशोबानेच घ्यायची असते.

आधी खरी किंमत काढू

जाहिरातीत छापलेली असते ती एक्स-शोरूम किंमत. आपण भरतो ती ऑन-रोड किंमत. उदाहरणासाठी ८,५०,००० रुपये एक्स-शोरूम किंमतीची पेट्रोल गाडी घेऊ. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीसाठी ११ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे ठोबळमानाने ९३,५०० रुपये. विमा, नोंदणी, फास्टॅग मिळून ४६,५०० धरू. बेरीज झाली ९,९०,०००. म्हणजे साडेआठ लाखांची गाडी दारात येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते. गाडी १० लाखांवरची असेल तर आणखी एक टक्का टीसीएस भरावा लागतो. तो आपल्या आयकरात जमा होतो, विवरणपत्र भरताना तो दाखवायला विसरू नका.

विम्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण तो शोरूमवाल्यानेच दिलेला घ्यावा अशी सक्ती नाही. तोच विमा, त्याच संरक्षणासह, बाहेर कितीला मिळतो हे एकदा विचारून घ्या. शोरूमच्या कागदावर "हँडलिंग चार्जेस" किंवा ॲक्सेसरीजची रक्कम दिसली, तर ती कशासाठी आहे हेही विचारा. वर्गात आपण मुलांना "उदाहरणात काय दिलंय ते आधी नीट वाचा" असं म्हणतोच ना? तसंच हे.

आता हप्त्याकडे वळू

समजा, १,९०,००० आपण स्वतःचे भरले आणि ८,००,००० चं कर्ज घेतलं. व्याजदर ९ टक्के, घटत्या शिल्लक रकमेवर. आता फक्त मुदत बदलून बघा:

- ३ वर्षे: हप्ता २५,४४० रुपये, एकूण व्याज सुमारे १,१५,८००
- ५ वर्षे: हप्ता १६,६०७ रुपये, एकूण व्याज सुमारे १,९६,४००
- ७ वर्षे: हप्ता १२,८७१ रुपये, एकूण व्याज सुमारे २,८१,२००

पाच वर्षांवरून सात वर्षांवर गेलो की हप्ता ३,७३६ रुपयांनी उतरतो. शोरूममध्ये हे "मॅडम, तुम्हाला परवडेल असं करून देतो" अशा शब्दांत सांगितलं जातं. पण या सवलतीसाठी आपण जवळपास ८५ हजार रुपये जास्त व्याज देतो. हप्ता कमी झाला, गाडी मात्र महाग झाली. ज्याने फक्त हप्ता विचारला त्याला हे कळतच नाही.

यात आणखी एक बाजू आहे. विमा कंपन्या गाडीचं मूल्य ठरवताना वयानुसार घट धरतात. गाडी चार वर्षांची होऊन पाचव्यात गेली की ही घट ५० टक्क्यांवर जाते. सात वर्षांच्या कर्जात पाच वर्षं नियमित हप्ते भरल्यानंतरही आपल्या नावावर सुमारे २,८१,७०० रुपये बाकी असतात. तोपर्यंत टायर बदलायला आलेले असतात, मुलगा दहावीला गेलेला असतो, आणि हप्ता अजून चालूच असतो.

"फक्त ६ टक्के" म्हणजे काय?

काही फायनान्सवाले आणि एजंट व्याजदर सांगताना "फ्लॅट" हा शब्द हळूच वापरतात. बँक ९ टक्के म्हणते आणि हे ६ टक्के म्हणतात. माणसाला साहजिकच वाटतं, इथे स्वस्त आहे. इथेच आपलं सातवीचं सूत्र बाहेर काढा.

सरळव्याज = म × द × क ÷ १००. म्हणजे ८,००,००० × ६ × ५ ÷ १०० = २,४०,००० रुपये. हप्ता बसतो १७,३३३.

वर पाहिलेल्या ९ टक्क्यांच्या कर्जाचं पाच वर्षांचं व्याज होतं १,९६,४००. म्हणजे ६ टक्केवालं कर्ज ९ टक्केवाल्यापेक्षा ४३,६०० रुपयांनी महाग पडलं! घटत्या शिल्लकेच्या हिशोबाने हा "६ टक्के" सुमारे १०.८५ टक्के होतो.

असं का होतं, ते मी खुर्च्यांच्या उदाहरणाने सांगते. मंडपवाल्याकडून ६० खुर्च्या भाड्याने आणल्या आणि रोज एक परत करत गेलो. शेवटच्या दिवशी आपल्याकडे एकच खुर्ची उरली. तरीही मंडपवाला त्या दिवशी ६० खुर्च्यांचं भाडं मागतो. हे झालं फ्लॅट व्याज. घटत्या शिल्लकेत मात्र जेवढ्या खुर्च्या आपल्याकडे उरल्या, तेवढ्यांचंच भाडं. सातव्या वर्गातल्या मुलाला हे एकदा सांगितलं की कळतं. आपल्याला तर कळलंच पाहिजे.

म्हणून दर ऐकला की लगेच विचारा, "फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर?" आणि तोंडी उत्तरावर थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी वैयक्तिक कर्जदाराला "की फॅक्ट स्टेटमेंट" द्यायचं असतं. कर्जाची मुख्य माहिती सांगणारा हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, म्हणजे आपण तो मराठीत मागू शकतो. त्यात प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून येणारा वार्षिक दर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची ती याच आकड्याची. मुदतीआधी कर्ज फेडलं तर शुल्क लागेल का, हेही त्यात बघा. दर बदलता असेल तर असं शुल्क व्यक्तीच्या कर्जावर लावता येत नाही, स्थिर दर असेल तर लागू शकतं.

आपल्या पगारपत्रकातल्या गोष्टी

आता जरा घरचं बोलू. शिक्षकाच्या पगारातून आधीच बरंच कापलं जातं: पतसंस्थेचा हप्ता, एलआयसी, पेन्शनची कपात, कोणाचं गृहकर्ज. अशा वेळी गाडीची सुरुवातीची रक्कम भरायला पतसंस्थेतून कर्ज काढायचं आणि उरलेलं बँकेकडून घ्यायचं, ही पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे. मला ती धोक्याची वाटते. एका गाडीसाठी दोन हप्ते सुरू होतात. शिवाय पतसंस्थेच्या कर्जाला आपला सहकारी जामीन राहिलेला असतो. आपला हप्ता थकला तर वसुलीची टांगती तलवार त्याच्या पगारावर येते. शेजारच्या वर्गातल्या सरांनी चहा पिता पिता सही केलेली असते. त्या सहीचा मान आपण राखायचा असतो.

दुसरी गोष्ट पगाराच्या तारखेची. पगार कधी एक तारखेला होतो, कधी दहा-बारा तारखेपर्यंत लांबतो. बँकेची तारीख मात्र थांबत नाही. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, दंड बसतो आणि सिबिलमध्ये नोंद होते. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलो की ती नोंद समोर येते. त्यामुळे हप्त्याची तारीख ठरवतानाच महिन्याच्या मध्याची मागा, आणि निदान दोन हप्त्यांएवढी रक्कम खात्यात कायम शिल्लक ठेवा.

ज्यांचं घर अजून व्हायचं आहे त्यांनी हेही बघावं, की गृहकर्ज किती द्यायचं हे ठरवताना बँक चालू हप्ते वजा करूनच पगार मोजते. सात वर्षांचा गाडीचा हप्ता म्हणजे सात वर्षं घराच्या कर्जातली घट. आधी घर की आधी गाडी, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण नकळत ठरू देऊ नये.

माझा सल्ला: हप्त्याची रंगीत तालीम

"२०-४-१०" नावाचा एक नियम सगळीकडे सांगितला जातो: २० टक्के रक्कम आधी भरा, कर्ज चार वर्षांचं घ्या, आणि गाडीचा सगळा मासिक खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांत बसवा. हातात ६० हजार पगार येत असेल तर १० टक्के म्हणजे ६ हजार. त्यात नवी गाडी येणं कठीण. म्हणून हा नियम जसाच्या तसा पाळा असं मी म्हणणार नाही. पण त्यातली एक गोष्ट पटण्यासारखी आहे: हप्त्यासोबत पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंगही मोजायचं.

ते कसं मोजायचं? महिन्याला ९०० किलोमीटर, लिटरला १८ किलोमीटर, म्हणजे ५० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी ५,००० रुपये. पुढच्या वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंगसाठी २,००० धरा. आता दुचाकीवर आणि एसटीवर होणारा खर्च, समजा २,१००, त्यातून वजा करा. वाढीव खर्च झाला ४,९००. पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता मिळवला की साधारण २१,५०० रुपये महिना.

गाडी बुक करण्याआधी सहा महिने ही रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. गाडी दारात नाही, पण हप्ता सुरू झालाय असं समजा. या सहा महिन्यांत एखादं लग्न येईल, मुलांची फी येईल, आईच्या तपासण्या येतील. तरीही रक्कम निघाली, तर गाडी परवडते. दोन महिने ओढाताण झाली, तर गाडी थोडी छोटी घ्या, दोन-तीन वर्षं वापरलेली बघा, किंवा वर्षभर थांबा. तालीम वाया जात नाही. सहा महिन्यांत १,२९,००० रुपये जमतात. तेवढं कर्ज कमी घेतलं तर पाच वर्षांत ३१ हजारांहून जास्त व्याज वाचतं.

कोणी म्हणेल, "तोपर्यंत किंमत वाढेल." वाढेलही. पण तेवढ्या भीतीने न झेपणारा हप्ता सात वर्षं ओढण्यापेक्षा मला ते परवडेल.

आणि कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओमध्ये आरसीवरचा बोजा उतरवायला विसरू नका. शेवटचा हप्ता भरला की काम झालं असं अनेकांना वाटतं, आणि गाडी विकताना धावपळ होते.

मुलांना सोबत घ्या

हा हिशोब मुलं झोपल्यावर करू नका. पालकहो, जेवणानंतर कागद-पेन घेऊन सातवी-आठवीतल्या मुला-मुलीला शेजारी बसवा. घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे त्यांना कळू द्या. शिक्षक मित्रांनो, आनंददायी शनिवारच्या तासाला पुढचं उदाहरण घेता येईल:

"एका बँकेने ८,००,००० रुपये ९ टक्के दराने, घटत्या शिल्लकेवर दिले. मासिक हप्ता १६,६०७ रुपये आहे. पहिल्या महिन्याचं व्याज किती? मुद्दल किती फिटलं? दुसऱ्या महिन्यात व्याज किती रुपयांनी कमी झालं?"

उत्तर: पहिल्या महिन्याचं व्याज ६,००० रुपये, फिटलेलं मुद्दल १०,६०७ रुपये, उरलेलं कर्ज ७,८९,३९३ रुपये. दुसऱ्या महिन्याचं व्याज सुमारे ५,९२० रुपये, म्हणजे ८० रुपयांनी कमी. मुलांना पुढचे चार महिने स्वतः करू द्या. आणि तुम्ही स्वतः गाडी घेणार असाल, तर हेच उदाहरण तुमच्या आकड्यांनी सोडवून मगच शोरूमला जा.