स्मरणशक्तीच्या दाव्यांना नियमांचे कुंपण हवे

आधुनिक औषधाच्या वेष्टनावर ‘मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणारे’ असा दावा करण्यास भारतात मनाई आहे. १९४५च्या औषध नियमांतील ‘परिशिष्ट जे’मध्ये कर्करोग, मधुमेह, काचबिंदू यांच्या पंक्तीत या दाव्याचाही समावेश आहे. हाच दावा एखाद्या यंत्राबाबत केला गेला तर? वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांत अशी यादी नाही. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेत, परंतु निरोगी मेंदूची ‘वाढीव क्षमता’ नाही. ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस हे उपचारतंत्र दिल्ली, गुरुग्राम, नोएडातील खासगी केंद्रांत उपलब्ध होत असताना ही पोकळी भरून काढणे निकडीचे आहे.

हे तंत्र थोतांड नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक विद्युतप्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र कवटी ओलांडते आणि मेंदूच्या बाह्यपटलात सूक्ष्म प्रवाह निर्माण करते. तत्त्व फॅरेडेचे, १८३१चे. मानवी मेंदूवरील पहिला यशस्वी प्रयोग शेफील्डमध्ये अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी या तंत्रावर आधारित उपकरणांना मान्यता दिली. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी हा खरा दिलासा आहे.

शिकणे आणि स्मरण यांबाबतचे चित्र मात्र इतके स्वच्छ नाही. स्मृतीसाठी कळीचा असलेला हिप्पोकॅम्पस मेंदूत खोलवर असतो. नेहमीच्या वेटोळ्याचा प्रभाव तिथवर थेट पोहोचत नाही. म्हणून त्याच्याशी जोडलेल्या बाह्यपटलाच्या भागाला चेतना दिली जाते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच दिवसांच्या उद्दीपनानंतर चेहरे व शब्द यांच्या जोड्या लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारल्याचे त्यांना आढळले. सहभागी होते अवघे १६ निरोगी प्रौढ. पुढे ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशाच स्वरूपाच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले : मेंदूतील जोडण्यांत बदल झाला, स्मरणाच्या कामगिरीत नाही. शिवाय हेच तंत्र मेंदूच्या एखाद्या भागाचे काम तात्पुरते बिघडवण्यासाठीही प्रयोगशाळांत वापरले जाते. जागा, वारंवारता, वेळ यांवर परिणाम ठरतो. त्याला सरसकट ‘स्मरणशक्तीवर्धक’ म्हणणे शास्त्राला धरून नाही.

या तंत्राचे योग्य स्थान कोणते, हे दिल्लीतच पाहता येते. दिल्ली आयआयटी आणि एम्स यांच्या संशोधकांनी पक्षाघातानंतर हाताची हालचाल पुन्हा शिकवण्यासाठी यांत्रिक बाह्य-सांगाड्याचा वापर केला आणि २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चुंबकीय उद्दीपनाचे काम होते मेंदूत झालेला बदल मोजण्याचे. शिकणे घडवले ते वारंवार केलेल्या सरावाने.

तरीही बाजार सरावापेक्षा आश्वासनावर चालतो. मुखर्जीनगर, राजेंद्रनगर, कालू सराय येथील शिकवण्यांच्या वस्त्यांत एकेका गुणासाठी जीव पणाला लावणारी मुले राहतात. निकालांच्या फुगवलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली, यातच सारे आले. जिथे निकाल विकले जातात, तिथे स्मरणशक्ती विकली जाण्यास वेळ लागणार नाही. धोका केवळ पैशांचा नाही. झटका येण्याची शक्यता क्वचित असली तरी शून्य नाही. डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांसाठी तर हे तंत्र घातक ठरू शकते.

यासाठी तीन गोष्टी करता येतील. पहिली, ‘परिशिष्ट जे’मधील ही मनाई उपकरणांच्या नियमांतही आणावी. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने रुग्णालयांवरील देखरेख दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांत विभागली आहे. मेट्रोने अर्ध्या तासात राज्य बदलणाऱ्या कुटुंबाला संरक्षण द्यायचे तर नियम केंद्राचाच हवा. दुसरी, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीनांना विद्युतझटक्याचा उपचार देण्यासाठी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. त्या कायद्यात चुंबकीय उद्दीपनाचा उल्लेखही नाही. त्याची तीव्रता वेगळी असल्याने तीच अट लावणे अनाठायी ठरेल; मात्र निरोगी अल्पवयीनांवर मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर त्याचा वापर होऊ नये, एवढे तरी लिहून ठेवावे. तिसरी, नैराश्यासारख्या सिद्ध उपचारांसाठी ही यंत्रे सरकारी रुग्णालयांत वाढवावीत.

ज्याला उपचाराची गरज आहे तो रुग्ण रांगेत आणि ज्याला नाही तो विद्यार्थी खुर्चीत, अशी विषम व्यवस्था उभी राहण्याआधीच नियम करणे शहाणपणाचे ठरेल.