कोवळ्या उन्हाच्या भरवशावर राहू नका

बाळंतिणीला घरी सोडताना आपला एक सल्ला ठरलेला असतो : ‘बाळाला रोज सकाळी कोवळे ऊन दाखवा.’ ड जीवनसत्त्वाची सोय तेवढ्याने झाली, असे घरचे मानतात आणि पुष्कळदा आपणही. ही समजूत सोडायला हवी.

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील-बी किरणांमुळे. सूर्य खाली असताना हे किरण बहुतांशी वातावरणातच अडतात. म्हणून कोवळ्या उन्हात ऊब मिळते, जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. अतिनील-बी भरपूर असते ते भर दुपारी, आणि त्या उन्हात तान्ह्याला उघडे ठेवणे धोक्याचे.

आईच्या दुधाला तोड नाही, पण त्यात ड जीवनसत्त्व लिटरला साधारण शंभर एककांहूनही कमी असते. आईच्याच अंगी कमतरता असेल तर आणखी कमी. बाळाची गरज रोज ४०० एककांची. ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ पहिले वर्षभर तेवढीच मात्रा सुचवते. ती चुकल्याचे परिणाम आपण जाणतो : मुडदूस, कॅल्शियम उतरून येणारे झटके, क्वचित हृदयाच्या स्नायूची दुर्बलता.

‘सहा महिने फक्त अंगावरचे दूध’ हे आपणच बजावलेले असल्याने थेंब द्यायला काही आया कचरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जीवनसत्त्वाचे थेंब दिल्याने निव्वळ स्तनपान मोडत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

खरी गफलत मात्रेत होते. बाजारात मिलिलिटरला ४०० एककांचे थेंब आहेत, तसेच ८०० चेही. दुकानदाराने बाटली बदलली की मात्रा दुप्पट होते. शिवाय घरात मोठ्यांचे ६०,००० एककांचे सॅशे असते. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते. उलट्या, शुष्कता आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘ड्रॉप्स’ न लिहिता तीव्रता, मिलिलिटर आणि ‘एक वर्षापर्यंत’ असे तिन्ही लिहावे.

तेल लावणे, अंघोळ, अंगणातले कोवळे ऊन हे सगळे खुशाल चालू द्या. मात्र औषध म्हणून ते सांगू नका. डिस्चार्ज कार्डावर थेंबांची नोंद करा आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या प्रत्येक लसीकरणाला बाटली सोबत आणायला सांगून ड्रॉपरवरची खूण स्वतः पाहा.