कप्तानाची शेवटची नोंद

भुताच्या गोष्टीत भूत किती वेळ दिसावे? माझे उत्तर : जमल्यास दिसूच नये. २०२३ साली आलेला ‘द लास्ट व्हॉयेज ऑफ द डिमीटर’ हा चित्रपट पाहून हे मत अधिकच पक्के झाले. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) कादंबरीत सातव्या प्रकरणाच्या मोजक्या पानांत येणारी एका जहाजाची हकिगत. चित्रपटवाल्यांनी ती दोन तासांवर नेली आणि पिशाच्च दातनखांसकट समोर उभे केले. दचकायला झाले; भीती वाटली नाही.

स्टोकरने वेगळेच केले. त्याने कप्तानाची नोंदवही आपल्या हाती दिली. काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरातून ६ जुलैला जहाज निघते. माल म्हणजे वाळू आणि मातीने भरलेल्या पेट्या; माणसे नऊ. मग एक खलाशी नाहीसा होतो. कुणाला डेकवर उंच, सडपातळ अनोळखी माणूस दिसतो. सारे जहाज धुंडाळतात, कोणी सापडत नाही. मग दुसरा जातो, तिसरा जातो. पेट्या तपासायला उतरलेला मेट किंचाळत वर येतो आणि समुद्रात उडी घेतो. जहाज इंग्लंडमधील व्हिटबीच्या किनाऱ्याला लागते तेव्हा सुकाणूला हात बांधलेले कप्तानाचे प्रेत तेवढे उरलेले असते. खिशातल्या बाटलीत शेवटच्या नोंदीची सुरळी.

माझी हयात बँकेच्या रजिस्टरांत गेली. तिथे रोखीत तूट आली की ‘तूट’ हा शब्द आणि पुढे आकडा, एवढेच लिहायचे. लिहिणाऱ्याच्या पोटात पडलेला खड्डा कागदावर उतरत नाही. पण ज्याने असे लिहिले आहे, त्याला तो वाचता येतो. स्टोकरला ही भाषा ठाऊक होती. तो डब्लिनमध्ये सरकारी नोकरीत होता आणि आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांच्या कर्तव्यांवर त्याचे १८७९ सालचे चक्क एक पुस्तक आहे.

जहाजही त्याने हवेतून आणले नाही. ऑक्टोबर १८८५ मध्ये नार्वाहून आलेले ‘दिमित्री’ हे वाळू भरलेले रशियन जहाज व्हिटबीला वादळात किनाऱ्यावर आदळले. खलाशी वाचले. १८९० साली तिथे मुक्कामाला असताना स्टोकरने तटरक्षकांकडून ही माहिती टिपून घेतली. ‘नार्वा’ची अक्षरे फिरवली की ‘वार्ना’ होते.

पण कथेचा खरा काटा पुढेच आहे. चौकशी होते, तेव्हा कप्तानानेच साऱ्यांना मारले नाही कशावरून, हा प्रश्न सुटत नाही. पुरावा एकच, त्याची स्वतःची वही. गाव त्याला वीर मानते. कागद मात्र गप्प राहतो. आपले कोणी खरे मानेल याची खात्री त्या गृहस्थाला कुठे होती? मेटसारखी उडी टाकून सुटताही आले असते. त्याने सुकाणू सोडले नाही आणि नोंदही चुकवली नाही.

चित्रपटात आपण सारे डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे कप्तानावर विश्वास ठेवायची वेळच आपल्यावर येत नाही. कादंबरीत ती येते. रात्री पुस्तक मिटल्यावर मला पिशाच्च आठवत नाही. धुक्यात एकटाच तारीख लिहिणारा तो बिननावाचा माणूस आठवतो.