उसना खेळाडू लुका

दोस्तांनो, शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावतात ना? बुटकी मुलं पुढे, उंच मुलं मागे. रांगेचं ठीक आहे, मागच्यांना दिसावं म्हणून ती सोय. पण काही ठिकाणी खेळाची टीमसुद्धा याच हिशेबानं निवडतात! आज ज्याची ओळख करून देणार आहे, तो मुलगा या हिशेबात साफ नापास झाला होता. नाव लुका मॉड्रिच. हो हो, २०१८ साली ज्याला ‘बॅलन डी’ऑर’ हा फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळाला, तोच हा. पण त्या मोठ्या लुकाला तुम्ही टीव्हीवर पुष्कळ पाहिलंय. आपण भेटू या छोट्या लुकाला.

जरा ॲटलास उघडा. इटलीचा बूट सापडला? त्याच्या उजवीकडे एड्रियाटिक समुद्र आणि समुद्रापलीकडे क्रोएशिया. तिथल्या झादर या बंदराच्या शहरात ९ सप्टेंबर १९८५ रोजी लुका जन्मला. आजोबांचं नावही लुकाच. त्यांचं दगडी घर वेलेबिट डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि आपला लुका तिथे शेळ्यांच्या मागे मागे फिरायचा. क्रोएशिया त्या वेळी युगोस्लाव्हियाचा भाग होता. १९९१ मध्ये त्यानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्ब बंडखोरांनी आजोबांना ठार मारलं. लुका फक्त सहा वर्षांचा होता.

बाबा सैन्यात गेले. बाकीचं कुटुंब घरदार सोडून झादरमधल्या ‘कोलोवारे’ हॉटेलात राहायला आलं. हॉटेल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मे महिन्याची सुट्टी आली असेल. पण हे हॉटेल निर्वासितांनी भरलेलं होतं. शहरावर तोफगोळे पडत. भोंगा वाजला की तळघर गाठायचं, शांत झालं की वर यायचं. आणि वर आलं की लुका चेंडू घेऊन गाड्या लावायच्या जागेत हजर! कधी तिथे, कधी हॉटेलच्या बोळांत. हा पोरगा रात्री चेंडू घेऊनच झोपतो, अशी ख्याती झाली आणि ती झादरच्या फुटबॉल क्लबापर्यंत पोहोचली.

क्लबात त्याला तोमिस्लाव्ह बाशिच नावाचे प्रशिक्षक भेटले. त्यांनी या मुलाचं पाणी ओळखलं. पण लुका एवढासा, काटकुळा. बारा-तेरा वर्षांचा असताना तो चाचणीसाठी स्प्लिटच्या ‘हायदुक’ क्लबात गेला. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाचं स्वप्न म्हणजे हायदुक. तिथून नकार आला. कारण? फार लहानखुरा, अंगात ताकद नाही.

आईबाबांनो, इथे दोन शब्द तुमच्यासाठी. बाराव्या-तेराव्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन मुलांत वीतभर फरक असू शकतो. एकाची वाढ आधी सुरू होते, दुसऱ्याची दोन-तीन वर्षांनी. त्या वयात जो धक्का मारून चेंडू हिसकावतो, तो खेळाडू म्हणून चांगला की नुसता आधी वाढलेला, हे एका दिवसाच्या चाचणीत कळणं फार अवघड असतं. हायदुकच्या मंडळींना ते कळलं नाही. लुकाची उंची पुढे १७२ सेंटिमीटरवर थांबली. म्हणजे तो धिप्पाड कधी झालाच नाही!

मग तो करायचा काय? लुका मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला. गोलरक्षकाच्या पाठीमागे निदान कुणी नसतं. मधल्या फळीतल्या खेळाडूला मात्र चारी बाजूंनी गडी असतात. इथे ताकदीपेक्षा वेळ महत्त्वाची. चेंडू पायाशी यायच्या आधीच मान वळवून पाहून ठेवायचं की आपला कोण कुठे, समोरचा कोण कुठून येतोय. चेंडू आला की एका स्पर्शात वळायचं. धक्का मारणारा पोहोचतो तेव्हा हा तिथे नसतोच! उद्या मैदानावर करून बघा. पास येण्याआधी दोनदा मागे बघायचं, बस्स. वाटतं तेवढं सोपं नाही बरं का.

बाशिच सरांनी नाद सोडला नाही. त्यांनी खटपट करून लुकाला राजधानीतल्या ‘दिनामो झाग्रेब’ क्लबात धाडलं. तेव्हा लुका सोळा वर्षांचा होता. वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण दिनामोनं एक वर्ष युवा संघात खेळवलं आणि २००३ मध्ये त्याला उसना देऊन टाकला!

चमकलात ना? फुटबॉलमध्ये अशी पद्धत आहे. शेजारी आपण वाटीभर साखर उसनी देतो तसा एक क्लब दुसऱ्याला खेळाडू देतो. मालकी पहिल्याचीच, खेळायचं दुसऱ्यासाठी. मुदत संपली की परत. ऐकायला गंमत वाटते, पण असे दिलेले कितीतरी खेळाडू परत येतात तेव्हा क्लबाला त्यांची गरजच उरलेली नसते. आणि लुकाला पाठवलं कुठे? शेजारच्या बोस्निया देशात, मोस्तार शहरातल्या ‘झ्रिन्यस्की’ क्लबाकडे.

मोस्तारमध्ये नेरेत्वा नदीवर सोळाव्या शतकात बांधलेला एक सुंदर कमानीचा दगडी पूल होता. १९९३ मध्ये, युद्धातच, तो तोफांनी पाडला गेला. शहर दुभंगलं. एकेकाळचे शेजारी असलेले क्रोएट आणि बोस्नियाक एकमेकांशी लढले होते. लुका तिथे खेळत होता तेव्हा त्या पुलाची कमान पुन्हा बांधली जात होती. जुलै २००४ मध्ये पूल परत खुला झाला. अशा गावात अठरा वर्षांचं एकटं पोर! आणि बोस्नियाची लीग म्हणजे रांगडा मामला. टॅकल असे की नाजूक माणसानं दुसऱ्या दिवशी बॅग भरावी.

लुकानं बॅग भरली नाही. २००३-०४ च्या त्या मोसमात त्यानं आठ गोल केले आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. ज्यांच्यासमोर हा दोन दिवस टिकणार नाही असं लोकांना वाटलं असतं, त्यांच्यातच तो पहिला आला. पुढे तो स्वतःच सांगायचा, बोस्नियाच्या लीगमध्ये जो खेळला तो कुठेही खेळू शकेल.

आता तरी दिनामोनं त्याला खेळवावं की नाही? छे! पुन्हा उसना. या वेळी झाग्रेबला लागूनच असलेल्या छोट्या झाप्रेशिच गावच्या ‘इंटर’ क्लबाला. आणि मग गंमत झाली. हा छोटा क्लब लीगमध्ये वरच्या जागांवर जाऊन बसला आणि बडा दिनामो इतका घसरला की त्या मोसमात तो पहिल्या सहांतही आला नाही. २००५ च्या सुरुवातीला दिनामोनं लुकाला परत बोलावलं. घरातली साखर संपल्यावर वाटी आठवते, तसंच झालं म्हणायचं!

त्यानंतर दिनामोनं त्याच्याशी थेट दहा वर्षांचा करार केला. त्या पैशातून लुकानं पहिलं काय घेतलं असेल? झादरमध्ये आईबाबांसाठी फ्लॅट. हॉटेलांच्या खोल्यांत वर्षं काढलेल्या कुटुंबाला स्वतःचं दार मिळालं. २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षं दिनामो विजेता ठरला आणि त्या संघाच्या मधोमध हाच काटकुळा पोरगा होता.

१ मार्च २००६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात तो देशाच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा खेळला. समोर अर्जेंटिना. क्रोएशिया ३-२ असा जिंकला. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या एका अठरा वर्षांच्या बुटक्या मुलानंही देशासाठी आपला पहिला गोल केला. नाव ओळखलंत? लिओनेल मेस्सी!

२००८ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबानं लुकासाठी सुमारे एक कोटी पासष्ट लाख पौंड मोजले. तो लंडनला पोहोचला आणि तिथल्या वर्तमानपत्रांत पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली, की हा इथल्या दांडगाईत टिकेल का? संघाची सुरुवातही भयंकर झाली. पहिल्या आठ सामन्यांत गुण किती, तर दोन! मग ऑक्टोबरमध्ये हॅरी रेडनॅप नावाचे नवे मॅनेजर आले... पण ती हकिगत पुढच्या अंकात.