कार्बन टाकण्याआधी पाणी कपात घेऊन बघा

घरात काचेची टाकी ठेवणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. पाणी जरा पिवळं, पांढुरकं किंवा हिरवट दिसायला लागलं की लगेच दुकानात जाऊन काळ्या दाण्यांचं पाकीट आणू नका. आधी चहाचा एक पांढरा कप घ्या, टाकीतल्या पाण्याने भरा आणि खिडकीशी उजेडात नेऊन नीट बघा. दोन मिनिटांचं काम आहे. कार्बन लागणार की नाही, हे त्या कपातच कळतं.

कपातलं पाणी नितळ आहे, पण त्याला फिक्या कोऱ्या चहासारखा रंग आहे, तर कार्बन तुमच्या कामाचा. हा रंग पाण्यात विरघळलेला असतो. टाकीतल्या लाकडाचा अर्क, कुजलेली पानं, उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, या सगळ्यांतून तो येतो. विरघळलेली वस्तू कापसात किंवा स्पंजात अडकत नाही, असा रंग धरून ठेवायला कार्बन लागतो. पाण्याला वास येत असेल तर तोही कार्बन ओढून घेतो.

पाणी दूध घातल्यासारखं पांढुरकं असेल तर मात्र कार्बन ठेवा बाजूला. ते जिवाणू असतात, पाण्यात मोकळे वाढलेले. नवी टाकी लावली, एकदम जास्त मासे सोडले, खाणं जास्त पडलं की हे होतं. खाणं निम्म्यावर आणा, एअर पंप चोवीस तास चालू ठेवा आणि थोडं थांबा. आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी बहुधा आपोआप निवळतं. लोकांना हे थांबणंच जमत नाही. ते रोज पाणी उपसतात, रोज नवीन काहीतरी ओततात, आणि टाकी कधीच स्थिर होत नाही.

हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ. टाकी खिडकीसमोरून हलवा, दिवा दिवसाला सहा-आठ तासच लावा. आणि कपात नुसते कण फिरताना दिसत असतील तर पांढरा कापूस बदला, बास.

एवढ्या कळवळ्याने हे सांगायचं कारण घरातलंच आहे. आठ वर्षांपूर्वी आम्ही गणपतीला आठवडाभर गावी गेलो. शेजारच्या काकूंनी माशांना मायेने रोज मूठभर खाणं घातलं. परत आलो तर पाणी गढूळ, वास मारणारं. मी त्याच संध्याकाळी सगळं बाहेर काढलं. दगड ब्रशने घासले, फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा नळाखाली धरून पांढऱ्या होईपर्यंत धुतल्या, पाणी शंभर टक्के बदललं. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे कार्बनची दोन पाकिटं टाकली. रात्री टाकी इतकी लख्ख दिसत होती की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. घरातले सगळे समोर बसून बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी पाचही गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करत होते. कल्ले लालभडक झालेले. संध्याकाळपर्यंत तीन गेले. पाणी तेव्हाही तसंच लख्ख होतं. एका जाणकाराने पाणी तपासायला सांगितलं. परीक्षानळीत थेंब टाकले. अमोनिया नसेल तर जे पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. तोवर अमोनिया हा शब्द मी शाळेच्या पुस्तकातच वाचला होता.

झालं होतं ते असं. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडत असतात. स्पंजावर, रिंगांवर, रेतीवर बसलेले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य आणि पाणी बदललं की कमी होणारं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी ती नळाच्या क्लोरीन असलेल्या पाण्याखाली एका संध्याकाळी धुऊन टाकली होती. आणि कार्बन अमोनिया धरत नाही. नायट्राइट नाही, नायट्रेटही नाही. त्याने रंग काढला, वास काढला आणि जे विष डोळ्यांना दिसत नव्हतं ते होतं तिथेच ठेवलं. पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी माशांना चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तीन मासे गमावून समजलं. तुम्हाला तसं समजावं लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

म्हणून स्पंज आणि रिंगा धुवायच्या त्या टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने पिळून. नळाखाली कधीही नाही. कापूस आणि कार्बन एकत्र असलेलं तयार कार्ट्रिज तुमच्या फिल्टरला असेल तर जास्त जपा. दर महिन्याला ते फेकून नवं लावा असं सांगितलं जातं, पण त्या जुन्या कापसावरच तुमचे जिवाणू असतात. नवं लावल्यावर जुनं निदान पंधरा दिवस फिल्टरमध्येच शेजारी राहू द्या.

आता कार्बनबद्दल, कारण तो वाईट मुळीच नाही. नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळसा भट्टीत तापवून, त्यावर वाफ सोडून त्याला असंख्य बारीक छिद्रं पाडतात. अशा एका ग्रॅम कार्बनच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतो. चिमूटभर दाण्यांत कबड्डीची सात मैदानं मावतात म्हणा ना! पाण्यातला रंग त्या भिंतींना चिकटून बसतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये जी कार्बनची नळकांडी असते, तिचंही काम हेच. पण भिंती कितीही असल्या तरी कधीतरी भरतात. टाकीतला कार्बन साधारण तीन-चार आठवड्यांत भरतो, घाण जास्त असेल तर त्याआधीच. मग तो काढायचा. उकळून किंवा उन्हात वाळवून तो पुन्हा ताजा होत नाही. त्यासाठी ८०० अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते, गॅसची शेगडी नाही.

शेगडीवरून आठवलं. चुलीतला किंवा तंदूरचा कोळसा फोडून टाकीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तो कोळसा सक्रिय केलेला नसतो, रंग फारसा धरत नाही, उलट त्यातली राख पाण्यात उतरते आणि पाणी अल्कधर्मी होतं. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. तो प्रयोग नको.

किती टाकायचा? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. रेती-दगड वजा जाता ४५ धरा. एवढ्या टाकीला एक मूठ पुरते. जाळीच्या पिशवीत बांधा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत नळाखाली धुवा (इथे नळ चालतो, यात अजून जिवाणू नाहीत) आणि फिल्टरमध्ये अशा जागी ठेवा की पाणी आधी स्पंज-कापसातून जाईल आणि मग कार्बनमधून. नाहीतर गाळानेच छिद्रं बुजतात. कार्बनला जागा करण्यासाठी रिंगा काढू नका.

विकत घेतलेला कार्बन खरा आहे का, हे घरी तपासता येतं. पिण्यासाठी वापरणार नाही अशा काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात मेथिलीन ब्लूचा एकच थेंब टाका. हे माशांचं निळं औषध दुकानात सहज मिळतं. त्यात दोन चमचे धुतलेला कार्बन घालून अधूनमधून ढवळत राहा. कार्बन चांगला असेल तर काही तासांत निळाई फिकी पडत पडत जाते. रात्रभर ठेवूनही पाणी तसंच गडद निळं राहिलं, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, तुम्हाला काळी खडी विकली गेली आहे.

या ग्लासात आणखी एक धडा आहे. टाकीत औषध घालाल तेव्हा कार्बन आधी बाहेर काढा. मासा आजारी, औषध पडलेलं, आणि फिल्टरमधला कार्बन ते औषध गिळतोय, असं किती घरांत होतं! मग औषधाचा गुण येत नाही म्हणून लोक दुप्पट औषध घालतात. उपचार पूर्ण झाला की मात्र कार्बन परत टाका; उरलेलं औषध काढायला त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

फायटर मासा ठेवणाऱ्यांना वेगळं सांगते. देशी बदामाची वाळलेली पानं टाकली की पाणी तांबूस होतं. फायटर मूळचा आग्नेय आशियातल्या उथळ, पानं पडलेल्या पाण्यातला, त्याला ते मानवतं. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून तो रंग कार्बनने काढू नका.

कार्बन अमोनिया धरत नाही हे वर आलंच; तो धरणारी वस्तू म्हणजे झिओलाइट. पांढरट, करडे खडे असतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले जे सुंदर स्फटिक आहेत, त्यांच्याच कुळातली ही खनिजं. झिओलाइट पाण्यातला अमोनियम घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. अचानक अमोनिया वाढला, दूरच्या प्रवासात मासे न्यायचे आहेत, आजारी माशाला वेगळ्या डब्यात ठेवलंय, अशा वेळी तो जीव वाचवतो. माझे उरलेले दोन गोल्डफिश निम्मं पाणी रोज बदलून, खाणं बंद ठेवून आणि झिओलाइटच्या पिशवीवर तगले. पण तो कायमचा ठेवू नका, कारण जिवाणूंचं अन्नच तो पळवतो आणि वस्ती बसत नाही.

आणि झिओलाइट असताना टाकीत मीठ घालू नका. आपल्याकडे मासा जरा मलूल दिसला की खडे मीठ टाकायची पद्धत आहे. मिठाचं पाणी लागलं की झिओलाइट धरलेला अमोनिया भराभर सोडून देतो. आधी पिशवी बाहेर, मग मीठ. याच गुणामुळे तो पुन्हा वापरता येतो: रात्रभर बादलीतल्या मिठाच्या दाट पाण्यात ठेवा, खळखळून धुवा, वाळवा.

पुरिजेनसारखे रेझिनचे दाणेही मिळतात. महाग असतात, पण रंग छान काढतात, आणि तपकिरी झाले की ब्लीचच्या पाण्याने पुन्हा पांढरे करता येतात. ब्लीचचा अंश राहिला तर मासे मरतील, म्हणून पाकिटावरची रीत अक्षरशः पाळणार असाल तरच त्या वाटेला जा.

तुरटीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की माझी आई पिंपात तुरटी फिरवायची, सकाळी गाळ तळाशी आणि पाणी वर नितळ. तीच सवय हाताला लागलेली असते, म्हणून कुणीतरी टाकीतही तुरटी फिरवतं. पिंपात मासे नव्हते. तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं आणि तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं. माशाला श्वास घेता येत नाही. पावसाळ्यातलं नळाचं पाणी बदलायला वापरायचं असेल तर बादलीत दिवसभर ठेवून गाळ बसू द्या, वरचं घ्या, अँटीक्लोरीन घाला आणि मगच टाकीत ओता.

टाकी साफ राहावी म्हणून सकर मासाही आणू नका. तो काचेवरचं थोडं शेवाळ खातो, पण घाणही तितकीच करतो, आणि दोन इंचांचा आणलेला सकर फूटभराच्या वर वाढतो. मग जागा पुरत नाही म्हणून लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. तिथे तो पसरतो आणि आपल्या गावच्या माशांच्या जिवावर उठतो. कृपा करून हे करू नका. घेणारं घर शोधा किंवा दुकानात परत द्या.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललंत, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घातलंत आणि टाकीला झेपतील तेवढेच मासे ठेवलेत, तर कार्बनची आठवण तुम्हाला वर्षातून चार-पाच वेळाच होईल. जेव्हा टाकाल तेव्हा फिल्टरच्या झाकणाला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहा. मी लिहिते, कारण डोक्यात तारीख राहत नाही. आणि काढलेला कार्बन, टाकीत औषध पडलेलं नसेल तर, कुंडीतल्या मातीत मिसळून टाका. औषध पडलेलं असेल तर सरळ कचऱ्यात.