पुराच्या दिवशी बोट सुरू होईल काय?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणावर जी चर्चा चालते, ती मोटारींच्या मायलेजपुरतीच. मोटार रस्त्यात बंद पडली तर उतरून ढकलता येते. पुराच्या मध्यधारेत बचावाची बोट बंद पडली तर काय करायचे? हा सवाल आम्ही शासनाला विचारतो, कारण नदीकाठच्या सखल वस्त्यांत कष्टकरी माणूसच राहतो आणि पाणी आधी त्याच्याच दारात येते. 2019 आणि 2021 साली कृष्णा-पंचगंगेच्या काठाने हे भोगले आहे.

2003 साली काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. 2022 मध्ये ते 10 टक्के आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेले. मोटारींची नवी इंजिने त्यानुसार बदलली. परंतु रबरी बोटींना मागे जी आउटबोर्ड इंजिने लावतात, त्यांपैकी अनेकांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्केच दिलेली असते. अमेरिकेत 15 टक्के मिश्रणाला 2010-11 मध्ये परवानगी देताना तिथल्या पर्यावरण संस्थेने बोटींसाठी ते वर्ज्य ठेवले आणि पंपावर तशी चिठ्ठी चिकटवणे सक्तीचे केले.

कारण साधे आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर साचले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असेल तर ते वरच्या थरात राहते. खालचा थर इंजिनात गेला की ते बंद पडते किंवा वंगणाविना जळते. जुन्या रबरी नळ्या फुगतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो. रोज चालणाऱ्या मोटारीत पेट्रोल आठवड्यात संपते. बचावाची बोट मात्र महिनोन् महिने गोदामात पडून असते आणि नेमकी दमट पावसाळ्यात बाहेर निघते.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. पण कारखानदाराला हमखास गिऱ्हाईक मिळावे आणि जोखीम मात्र वस्तीने सोसावी, हा कुठला न्याय? मालाचा दर्जा व शुद्धता जाणून घेण्याचा हक्क 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा 2005 च्या कायद्याने बंधनकारक केला आहे. संविधानाच्या कलम 21 मधील जीविताचा हक्क गोदामातल्या बोटीपर्यंत पोहोचला पाहिजे.

उपाय महागडे नाहीत. बोटी ठेवताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. इंधनाचे डबे घट्ट बंद असावेत, त्यांवर भरल्याची तारीख असावी. पावसाळ्याआधी नळ्या व फिल्टर तपासून बोट पाण्यात चालवून पाहावी. बचाव पथकांना इंजिनाला मानवणारे पेट्रोल शासनाने पुरवावे.

कार्यकर्त्यांनी आता एक काम करावे. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला चार प्रश्न विचारावेत : बोटी किती? इंजिनाला किती टक्के इथेनॉल चालते? सध्या कोणते पेट्रोल, केव्हा भरले? शेवटची चाचणी कधी झाली? ही उत्तरे मे महिन्याच्या आत हाती हवीत. पाणी उंबऱ्याला लागल्यावर अर्ज लिहून काय उपयोग?