पावती फाडता, मग प्रमाणपत्र का देत नाही?

हातगाडीवाल्यांना विक्री प्रमाणपत्र द्या, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. या आठवड्यात गंगापूरच्या बसस्थानकापाशी एका दुकानदार वाचकाने थांबवून विचारलं, "त्यांची रोज पावती फाटतेच की. आणखी कसला कागद पाहिजे त्यांना?" प्रश्न मनापासूनचा होता, पण मला झोंबला. तालुक्याच्या गावांतला सगळा घोळ याच समजुतीत आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. बाजार फी वसूल करणारा माणूस गाडीपाशी येतो, पैसे घेतो आणि पावती फाडून देतो. त्या पावतीचा जीव दिवसभराचा. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून जमवलेल्या पावत्यांची थप्पी दाखवली, तरी अतिक्रमण हटवणारं पथक गाडी सोडत नाही. प्रमाणपत्र माणसाच्या नावाचं असतं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार ते सर्वेक्षणानंतर मिळतं. ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. धारक दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर ते जोडीदाराकडे किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलाकडे जातं. जागा बदलायची तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर यादी हातात द्यावी लागते आणि विक्रेत्याने मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. केळी आणि कोथिंबीर विकणाऱ्या बाईला विचारा, हे कलम म्हणजे काय ते ती सांगेल. पावतीने नगरपरिषदेला पैसे मिळतात, विक्रेत्याला हक्क मिळतो तो प्रमाणपत्राने.

2020 च्या जूनमध्ये पीएम स्वनिधी योजना आली. सर्वेक्षणात ज्यांची नोंद नव्हती, त्यांना स्थानिक संस्थांच्या शिफारसपत्रावर 10,000 रुपयांचं पहिलं कर्ज मिळण्याची सोय झाली. 2025 मध्ये ही रक्कम 15,000 झाली आणि योजनेची मुदत मार्च 2030 पर्यंत वाढली. म्हणजे बँकेसाठी तो माणूस पथविक्रेता आहे, असं सरकारी कार्यालयच लिहून देतं. मग त्याच माणसाला रस्त्यावर अतिक्रमणधारक कसं म्हणता येईल?

चालणाऱ्यांचं काय, असं विचाराल. मी चालणाऱ्यांच्याच बाजूचा आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. अडथळा नसलेला फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी सांगितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. ती आधी आखा, मग विक्रीच्या जागा ठरवा. आणि मोजायला टेप काढलाच आहे, तर दुकानांपुढचे पत्रे, ओटे आणि पायऱ्याही मोजा. गाड्यांपेक्षा त्यांनीच जास्त रस्ता गिळलेला निघेल, अशी माझी खात्री आहे. गाडी रात्री घरी तरी जाते, ओटा जात नाही.

कायद्याने वाट घालून दिलेली आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान 40 टक्के निवडून आलेले विक्रेते, त्यांत एकतृतीयांश महिला. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण. लोकसंख्येच्या अडीच टक्के, म्हणजे दहा हजार वस्तीमागे अडीचशे विक्रेते सामावण्याचं प्रमाण. गंगापूरसारख्या गावात हे काम डोंगराएवढं नाही. एकेक गाडी, एकेक पथारी नावानिशी मोजता येते. रोजची पावती बंद करून प्रमाणपत्रधारकाकडून नावाने महिन्याची फी घेतली, तर हिशोबही चोख राहील.

सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं हाती पडेपर्यंत कुणाही पथविक्रेत्याला उठवता येत नाही, असं कलम 3 सांगतं. तेव्हा ज्यांना रस्ता मोकळा हवा आहे, त्या दुकानदार बंधूंनीच सर्वेक्षणाची मागणी सगळ्यांत आधी नगरपरिषदेकडे करायला हवी.